आंतरालीय फुफ्फुसविकार

आंतरालीय फुफ्फुसविकार : फुफ्फुसातील वायुकोशांच्या भिंतींना सूज येऊन त्या जाड आणि ताठर होत जाणाऱ्या दोनशेहून अधिक आजारांचा गट. दवाखान्यात त्याला ‘आयएलडी’ म्हणतात. वायुकोश आणि त्यांना बिलगलेल्या केशवाहिन्या यांच्यामधले नाजूक ऊतक म्हणजे आंतराल. श्वासातला ऑक्सिजन हा पडदा ओलांडून रक्तात उतरतो. सूज रेंगाळली की तेथे कोलॅजनचे तंतू साठून जखमेच्या वणासारखी घट्ट जाळी तयार होते. तिला फायब्रोसिस म्हणतात. दम्यात श्वासनलिका आवळतात, येथे फुफ्फुसच आखडते. हा वण पुसला जात नाही, म्हणून तो पडण्याआधीच आजार ओळखणे फार मोलाचे ठरते.

कारणे : आमवात, स्क्लेरोडर्मा यांसारख्या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच फुफ्फुसांवर उलटते. खाणी, दगडफोड यांतली सिलिकाची धूळ आणि ॲस्बेस्टॉस ही व्यवसायजन्य कारणे. अमिओडॅरोन, नायट्रोफ्युरँटॉइन, ब्लिओमायसिन ही औषधे आणि छातीवरील किरणोपचार यांनीही काहींना हा विकार जडतो. कोणतेच कारण सापडत नाही, अशा फायब्रोसिसला ‘इडिओपॅथिक’ म्हणतात. तो बहुधा साठीनंतर आणि धूम्रपान केलेल्यांत अधिक आढळतो.

भारतात अतिसंवेदनशील फुफ्फुसदाह हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. बुरशी, पक्ष्यांची विष्ठा, पिसांची भुकटी यांचे कण वारंवार श्वासात गेल्याने तो होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणी अभ्यासात २७ केंद्रांतील १,०८४ रुग्ण होते, त्यांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच प्रकार होता आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आढळला. कुजट वासाच्या गवतामुळे शेतकऱ्यांना, तर साठवून बुरसलेल्या उसाच्या चिपाडांमुळे कामगारांना होणारे फुफ्फुसदाह याच जातीचे. मुंबईतील दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये वादात बंद झाला, त्या वादाच्या मुळाशीही कबुतरांमुळे होणाऱ्या या आजाराची चिंता होती.

लक्षणे : महिनोन्‌महिने न हटणारा कोरडा खोकला आणि श्रमाने लागणारी धाप. सुरुवातीला जिना चढताना दम लागतो, पुढे अंघोळ करताना, बोलतानाही लागतो. ‘वय झाले’ म्हणून रुग्ण तो अंगावर काढतो. काहींच्या बोटांची टोके फुगीर होतात. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला, तर श्वास घेताना चपलेचा वेल्क्रो पट्टा उघडल्यासारखी चरचर ऐकू येते.

निदान : छातीच्या एक्स-रेवरील डाग क्षयाचे समजून जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात आणि हातची वेळ निघून जाते. ‘एचआरसीटी’ या सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये सूज, जाळी आणि पुढच्या टप्प्यात मधाच्या पोळ्यासारखी रचना दिसते. फुफ्फुसांची क्षमता तपासतात आणि सहा मिनिटे चालवून रक्तातला ऑक्सिजन किती कमी होतो ते पाहतात. यांच्याइतकीच मोलाची असते विचारपूस : काम कोणते, कूलरच्या जाळ्या कधी बदलल्या, खिडकीत कबुतरे बसतात का, घरात ओल आहे का, औषधे कोणती चालू आहेत.

उपचार : प्रकारानुसार उपचार बदलतात. अतिसंवेदनशील फुफ्फुसदाहात कारण दूर करणे ही पहिली पायरी. गरजेनुसार स्टेरॉइड देतात. इडिओपॅथिक प्रकारात मात्र स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन आणि ॲसिटिलसिस्टीन यांच्या एकत्रित उपचाराने मृत्यू वाढल्याचे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. या प्रकारासाठी पिर्फेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधे वापरतात. ती ऱ्हासाचा वेग कमी करतात, गेलेली क्षमता परत आणत नाहीत. जोडीला ऑक्सिजन, श्वसनाचे व्यायाम, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी उपयोगी पडतात. निवडक रुग्णांत फुफ्फुस प्रत्यारोपण करतात.

प्रतिबंध : धूम्रपान सोडावे. कूलरचे पाणी तुंबू देऊ नये, बुरसलेल्या जाळ्या बदलाव्यात. खिडक्यांना जाळी बसवावी; कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, मास्क लावून, पाणी शिंपडून मगच पुसून काढावी. धुळीच्या कामात पाण्याचा फवारा आणि योग्य मास्क पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. आठ आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला आणि वाढती धाप घेऊन फुफ्फुसतज्ज्ञाकडे जावे.