'ही' वास्तू कोणती?

शिलालेखातील दर्शक सर्वनाम मोठे परावलंबी असते. 'ही वास्तू', 'हे स्थान' असे कोरणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : दगड जागचा हलणार नाही. तो हलला, की अक्षर न् अक्षर शाबूत राहूनही लेखाचा अर्थ अनाथ होतो. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात, सेव्हर्न नदीकाठच्या डीअरहर्स्ट या खेड्यात असे घडले आणि ती चूक दुरुस्त व्हायला १९० वर्षे लागली.

१६७५ साली या गावातल्या एका फळबागेत एक कोरीव शिळा मिळाली. तिच्यावरील लॅटिन मजकूर सुवाच्य होता. अर्ल ऑडा याने आपला भाऊ एल्फ्रिक याच्या आत्म्यासाठी ही 'राजवास्तू' बांधविली व पवित्र त्रैक्याला अर्पण केली. तो आत्मा याच स्थानाहून वर नेला गेला. एडवर्ड राजाच्या कारकिर्दीच्या चौदाव्या वर्षी, १२ एप्रिल रोजी बिशप एल्ड्रेडने अर्पणविधी केला, असा त्याचा आशय. एडवर्डचे पहिले वर्ष १०४२च्या राज्यप्राप्तीपासून धरा की १०४३च्या राज्याभिषेकापासून, उत्तर एकच येते : १०५६. नॉर्मन आक्रमणाला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. (पुढे १०६६च्या नाताळात विजेत्या विल्यमच्या मस्तकी मुकुट ठेवला तो याच एल्ड्रेडने. तोवर तो यॉर्कचा आर्चबिशप झाला होता.)

तिथी मिळाली, पण ती लावायची कोणत्या भिंतींना? गावात डोळ्यांत भरणारी प्राचीन धर्मवास्तू एकच होती, सेंट मेरीचे उंच मनोऱ्याचे चर्च. मजकुरातला 'रेजिया आउला', म्हणजे राजाचा दरबार किंवा प्रासाद, हा शब्दप्रयोग तिलाच शोभणारा. साहजिकच अभ्यासकांनी लेखातले 'ही' तिच्याशी जोडले आणि ते चर्च १०५६चे ठरले. माझ्या मते त्यांना फसविले ते या भारदस्त विशेषणाने. वास्तविक 'बॅसिलिका' या ग्रीकमधून आलेल्या शब्दाचाही मूळ अर्थ 'राजाची' असाच आहे. स्वर्गीय राजाचा दरबार या अर्थाने लहानशा प्रार्थनामंदिरालाही तो शब्द लागू पडतो. आकार मोठा असेल असे आपण उगाच धरून चालतो.

१८६५ साली, चर्चपासून हाकेच्या अंतरावर 'ॲबट्स कोर्ट' नावाच्या शेतघरात, गिलाव्याखाली एक जुनी खिडकी उघडी पडली. गावचे धर्मगुरू जॉर्ज बटरवर्थ यांनी तिचे मोल ओळखले. ज्याला लोक घराचा एक भाग समजत होते, ते संपूर्ण चॅपेल निघाले. भाविकांच्या दालनात स्वयंपाकघर थाटले होते आणि वेदीच्या भागात मध्ये लाकडी तक्तपोशी घालून माडी केली होती. पुढे याच घरातून आणखी एक कोरीव तुकडा हाती आला. त्यावर त्रैक्याच्या सन्मानार्थ वेदी अर्पण केल्याचा उल्लेख होता. सर्वनामाला अखेर त्याचे नाम सापडले.

वास्तू म्हणावी तर अगदी साधी आहे. मुख्य दालन सुमारे २५ फूट लांब, १६ फूट रुंद. भिंतींची उंची मात्र रुंदीहून जास्त, जवळजवळ १७ फूट. आत शिरताच अरुंदपणा आणि उंची ही दोन्ही एकदम जाणवतात, हे अँग्लो-सॅक्सन बांधणीचे खास लक्षण. कोपऱ्यांना एक दगड उभा, एक आडवा, अशी आळीपाळीने रचना केलेली. खिडक्या भिंतीच्या मध्यावर अरुंद, तिथून आतबाहेर दोन्हीकडे पसरट होत गेलेल्या. वेदीकडे नेणारी कमान अर्धगोल आणि नितळ. मूर्ती नाही, नक्षी नाही. शेजारच्या सेंट मेरीत कोरलेली पशुमुखे आणि देवदूत आहेत. ऑडाच्या गवंड्यांना तसे काही करण्याची इच्छा वा सवड नसावी.

पण या साधेपणाचे मोल मोठे आहे. नेमकी तिथी ठाऊक असलेल्या सॅक्सन वास्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. चॅपेल १०५६चे ठरताच मोठे चर्च त्या सालातून मुक्त झाले. त्याचे बरेचसे बांधकाम आता आठव्या-नवव्या शतकातले मानले जाते. एका 'ही'ची जागा बदलली आणि शेजारची इमारत दोनअडीचशे वर्षांनी वडील झाली!

लेखातील आणखी एका शब्दापाशी साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबायला हवे. भावासाठी लॅटिनमध्ये 'फ्राटेर' हा नेहमीचा शब्द आहे. धर्मबंधू, मठवासी, सगळे त्यात येतात. ऑडाने वापरलेला शब्द आहे 'गेर्मानुस', म्हणजे सख्खा. एल्फ्रिक २२ डिसेंबर १०५३ला डीअरहर्स्ट येथेच वारला होता. भाऊ गेला ती जागा ऑडाने दगडांनी वेढून घेतली. तसे पाहता त्याचा काळ धामधुमीचा. १०५१ साली गॉडविन घराणे हद्दपार झाल्यावर नैर्ऋत्येचे परगणे त्याच्याकडे आले आणि वर्षभरात, ते घराणे परतताच, हातून गेले. लेखात या उलाढालीचा मागमूस नाही. अर्पणविधीनंतर पाचच महिन्यांच्या आत, ३१ ऑगस्ट १०५६ला, संन्यासदीक्षा घेतलेला ऑडाही मरण पावला. दोघा भावांचे दफन मात्र पर्शोरला झाले, डीअरहर्स्टला नव्हे.

पुढे एडवर्डकडून इथली जमीन दोन मठांत वाटली गेली, काही लंडनच्या वेस्टमिन्स्टरला, काही पॅरिसजवळच्या सँ-देनीला. ज्या आत्म्यासाठी हे सारे उभारले त्याची आठवण ठेवणारे कोणी गावात उरले नसावे. एरवी वेदीपाशी माडी चढली नसती.

आज चॅपेल मोकळे केलेले आहे. जुने लाकडी चौकटीचे घर त्याला अजून बिलगून उभे आहे. फळबागेत सापडलेली शिळा ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. 'याच स्थानाहून' असे डीअरहर्स्टच्या चॅपेलमध्ये वाचायला मिळते, ते तिच्या प्रतिकृतीवर.