साचा खात्याचं दार: फक्त मेहनत पुरते का?

'जो जास्त राबतो तो जास्त कमावतो' हे वाक्य आपण गृहीतक म्हणून घेऊ आणि मुंबईच्या कापड गिरण्यांवर तपासून पाहू. मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे इतिहास वाचतानाही आधी 'नमुना कुठून घेतला?' हाच प्रश्न पडतो.

१९२०च्या दशकातली गिरणी डोळ्यांसमोर आणा. रिंग खात्यात सूत कातायचं, साचा खात्यात कापड विणायचं. रिंग खात्यातल्या कामगाराला ठरलेला पगार. तुटलेला धागा कितीही चपळाईने जोडला तरी महिनाअखेरीस हातात जवळपास तेवढेच पैसे. साचेवाल्याला मात्र तयार मालावर पैसे, आणि त्याची कमाईही रिंगवाल्यापेक्षा बरीच जास्त. आता कुणी फक्त साचा खात्याची माहिती गोळा केली तर गृहीतक झकास सिद्ध होईल. घामाबरोबर पैसा वाढतोय!

पण त्या खात्यात शिरायचं कुणी? इथे एक बारीकशी तांत्रिक गोष्ट आडवी येते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं सूत धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून सूत ओढून घेणं. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागणार, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी विटाळाचं कारण पुढे केलं आणि दलित कामगार साचा खात्याबाहेर राहिले. कारण खरंच विटाळाचं होतं, की चांगल्या पगाराच्या जागा आपल्यातच ठेवायच्या होत्या? मला तर दुसरंही तितकंच वजनदार वाटतं. तोंड न लावता सूत ओवता येणारे धोटे तेव्हाही बनत होते.

म्हणजे जिथे मेहनतीचे पैसे होत होते, तिथलं दार जातीने बंद. जिथे दार उघडं, तिथे मेहनतीने पगार हलत नव्हता. संशोधनाच्या भाषेत हा निवडीतला दोष: आत आलेल्यांनाच मोजलं तर बाहेर अडवलेले दिसतच नाहीत.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि साचा खातं दलितांना खुलं व्हावं असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी तो मान्य केला, पण नाइलाजाने. अन्यायाविरुद्ध संपावर गेलेल्यांनाही हे सहज पटलं नाही, हे मला मालकांच्या वागण्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी असंच दुसरं उदाहरण दिलं. दलित माणूस गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढायचा. त्याला साधा पोर्टरही करत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागे.