बरें वाटणें आणि बरें होणें

वैद्यानें चार दिवस औषध द्यावें, पांचव्या दिवशीं "आतां कसें वाटतें?" असें विचारावें, आणि रोग्यानें "बरें वाटतें" म्हणावें, हा संवाद घरोघरीं ऐकूं येतो. ताप असेल तर रोग्याच्या शब्दावर सर्वस्वीं विसंबावें लागत नाहीं. उष्णतामापक काखेंत धरला कीं पारा आपली साक्ष निराळी देतो. परंतु ज्याच्या अंगावर ओरखडाहि नाहीं, आणि तरीहि जो रात्रीं किंकाळी फोडून जागा होतो, भर बाजारांत मोटारीचा फटाका वाजतांच जमिनीवर आडवा पडतो, ज्या वाटेवर आपत्ति ओढवली ती वाट वर्षानुवर्षें टाळतो, त्याच्या दुखण्याचा पारा कोठें पाहावा? त्याला विचारण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि हें विचारणें वरवर दिसतें तितकें सोपें नव्हे, हें कळण्यास पाश्चात्य वैद्यकाला जवळजवळ एक शतक लागलें. त्या शतकाची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्लस् मायर्स या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें 'लॅन्सेट' पत्रांत तीन सैनिकांचें वृत्त प्रसिद्ध केलें. तोफेचे गोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची स्मृति, दृष्टि, गंध व रुचि यांत बिघाड झाला होता. 'शेल-शॉक' हा शब्द वैद्यकाच्या ग्रंथांत शिरला तो या लेखानें. पुढें असे रोगी इतके वाढले कीं जून १९१७ मध्यें लष्करानें तो शब्द वापरण्यासच बंदी घातली, आणि 'मज्जाविकार, निदान व्हावयाचें आहे' अशा अर्थाची चिठ्ठी सैनिकाला लावण्यास आरंभ केला. शब्द बंद केल्यानें रोग बंद पडतो ही सरकारांची समजूत कोणत्याहि एका देशापुरती मर्यादित नाहीं.

उपचार मात्र तऱ्हेतऱ्हेचे चालू होते. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत रिव्हर्स हे अधिकाऱ्यांस त्यांच्या भयंकर आठवणींविषयीं शांतपणें बोलतें करीत. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील रुग्णालयांत लुइस येलंड यांची पद्धति अगदीं उलट होती. वाचा बसलेल्या एका सैनिकाच्या घशाला त्यांनीं विजेचे झटके दिले, खोलीला कुलूप लावलें, आणि पूर्ववत् बोलूं लागल्यावांचून येथून सुटका नाहीं असें त्याला बजावलें. तो कांहीं तासांनीं बोलला. १९१८ सालच्या त्यांच्या पुस्तकांत हे उपचार विजयाच्या सुरांत वर्णिलेले आहेत. आर्थर हर्स्ट यांनीं तर चलच्चित्रच काढलें: प्रथम वाकडातिकडा झोंकांड्या खाणारा सैनिक, आणि लगेच उपचारानंतरचा ताठ चालणारा तोच सैनिक. ज्यानें पाहिलें तो थक्क झाला. पण त्यांतील उपचारापूर्वींचीं कांहीं दृश्यें मागाहून पुन्हां वठवून घेतलेलीं होतीं, असें एडगर जोन्स या इतिहासकारानें २०१२ सालीं दाखवून दिलें.

ही लबाडी क्षणभर बाजूला ठेवूं. खरें व्यंग निराळेंच आहे. तो सैनिक त्या दिवशीं बोलला, त्या दिवशीं चालला. सहा महिन्यांनीं त्याचें काय झालें? घरीं गेल्यावर त्याला झोंप येत होती काय? धंद्यांत हात चालत होता काय? हे प्रश्न ना येलंड यांनीं विचारले, ना हर्स्ट यांनीं. सैन्याच्या हिशेबांत सैनिक खंदकांत परत गेला कीं तो 'बरा' झाला. तेथें तो आठ दिवसांत पुन्हां कोसळला तर तें खातें निराळ्या रुग्णालयाच्या वहींत! १९२१ सालीं अशा मज्जाविकारासाठीं निवृत्तिवेतन घेणारे सुमारे ६५ हजार माजी सैनिक एकट्या ब्रिटनमध्यें होते, ही गोष्ट त्या विजयी पुस्तकांशेजारीं ठेवून वाचावी.

रोग्याच्या मागें त्याच्या घरापर्यंत जाण्याची बुद्धि प्रथम झाली ती अमेरिकनांना. फ्रान्समध्यें ला फोश येथें त्यांचें ११७ नंबरचें तळ-रुग्णालय केवळ अशा रोग्यांसाठीं होतें. नॉर्मन फेन्टन यांनीं तेथून गेलेल्या सैनिकांस १९१९-२० मध्यें, आणि पुन्हां १९२४-२५ मध्यें पत्रें घालून त्यांची स्थिति विचारली व १९२६ सालीं तिचें पुस्तक केलें. उपचार संपल्यावर पांच वर्षांनीं रोग्याला टपालानें "कसें काय?" म्हणून विचारणें, ही आज साधी वाटणारी कल्पना त्या काळीं असामान्य होती. तिच्यांतील उणीव ध्यानांत येण्यास मात्र आणखी काळ जावा लागला. उत्तर कोण पाठवितो? ज्याचें बरें चाललें आहे तो हौसेनें पाठवितो, ज्याला तक्रार करावयाची आहे तोहि पाठवितो. जो दारूंत बुडाला, परागंदा झाला किंवा ज्यानें स्वतःचा शेवट करून घेतला, त्याचें पाकीट कोरें राहतें. पाहणी करणाऱ्यानें आलेल्या उत्तरांइतकाच न आलेल्या उत्तरांचा शोध घ्यावा लागतो.

१९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघानें आपल्या निदानग्रंथांत या दुखण्याला स्वतंत्र नांव दिलें. आपण त्याला आघातोत्तर मनोविकार म्हणूं. या नांवामागें व्हिएटनामहून परतलेल्या सैनिकांची चळवळ होती. नांव मिळतांच सरकारपुढें प्रश्न आला: असे किती? त्याच्या उत्तरावर रुग्णालयें, पैसा आणि माणसांचे संसार अवलंबून होते. १९८८ सालीं रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीनें सांगितलें कीं, गेल्या महिन्यांत हा विकार असलेले शेंकडा २.२ आहेत. १९८३ सालच्या कायद्यान्वयें झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीनें ३,०१६ जणांना भेटून, त्या काळीं विकारग्रस्त असलेल्या पुरुष सैनिकांचें प्रमाण शेंकडा १५.२ काढलें. व्हिएटनामच्या रणक्षेत्रांत जाऊन आलेल्या सुमारे ३१ लाखांना हे हिशेब लावले तर एकानें सत्तर हजारांहून कमी माणसें येतात, दुसऱ्यानें पावणेपांच लाखांच्या आसपास!

युद्ध एक, पिढी एक, विकार एक. मग ही तफावत कोठून आली? बरीचशी विचारण्याच्या रीतींतून. पहिल्या पाहणीचा आधार ठराविक छापील प्रश्नांवर होता. विचारणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. दुसऱ्या पाहणीच्या चालकांनीं तशाच प्रश्नांची आधीं परीक्षा घेतली, कांहीं निवडक सैनिकांस अनुभवी तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणें तपासविलें, आणि तज्ज्ञांना जे रोगी दिसले त्यांतील बहुसंख्य त्या छापील प्रश्नांच्या जाळ्यांतून निसटतात असें त्यांना आढळलें. शिवाय त्यांनीं व्हिएटनामला न गेलेले सैनिक आणि सैन्यांत कधींच नसलेले नागरिक यांनाहि तेच विचारलें. त्यांच्यांतील पुरुषांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा २.५ व १.२ निघालें. ही जोड नसती तर १५.२ हा आंकडा मोठा कीं लहान हें सांगणेंच अशक्य होतें. इतकेंहि करून हा आंकडा फुगला आहे, सैनिक तिखटमीठ लावून सांगतात, अशी टीका झालीच. २००६ सालीं ब्रूस डोरेनवेंड यांनीं त्याच सैनिकांच्या जबान्या लष्करी दप्तरांशीं ताडून पाहिल्या व निकष अधिक कडक केले. आंकडा ९.१ वर आला. परंतु सैनिकांनीं खोटें सांगितल्याचा पुरावा मात्र फारसा सांपडला नाहीं. हें मला त्या आंकड्याहून महत्त्वाचें वाटतें.

खोटें न बोलणारा माणूस गप्प मात्र बसतो. अमेरिकन सैन्याच्या एका तुकडीची मोहिमेहून परतल्यावर नेहमींची तपासणी झाली, तींत प्रत्येकाचें नांव कागदावर होतें. पुढें त्याच सैनिकांस नांव न घेतां तेच प्रश्न विचारले, तेव्हां अशा विकारांची कबुली दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढली. हा वृत्तान्त २०११ सालीं प्रसिद्ध झाला. वरिष्ठाच्या हातीं जाणाऱ्या कागदावर "मला झोंप येत नाहीं" असें कोण लिहील?

आतां उपचारांकडे वळूं. कारण मोजणें एकवेळ जमलें तरी, उपचारानेंच गुण आला कीं काळानें, हें मोजण्यानें कळत नाहीं. फिलाडेल्फियांत एड्ना फोआ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रियांची आठवड्या-आठवड्यानें विचारपूस केली. तो वृत्तान्त १९९२ सालचा आहे. दोन आठवड्यांच्या आंत शेंकडा ९४ जणींत या विकाराचीं सर्व लक्षणें होतीं. तीन महिन्यांनीं तें प्रमाण ४७ वर आलें. त्यांना उपचार असा दिलेलाच नव्हता. याच काळांत कोणी त्यांना एखादा काढा पाजला असता, तर निम्म्या स्त्रियांना बरें केल्याचें श्रेय त्यानें बिनदिक्कत घेतलें असतें, आणि त्या स्त्रियांनींहि तें कृतज्ञतेनें दिलें असतें.

कृतज्ञता हीच येथली मोठी अडचण आहे. वेस्ट हेवन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत चार महिने राहून कसून उपचार घेतलेल्या ५१ जणांचा मागोवा दीड वर्षापर्यंत घेण्यांत आला. १९९६ सालीं निघालेला निष्कर्ष असा कीं त्यांचीं लक्षणें कमी न होतां उलट वाढलीं होतीं. आणि तेच सैनिक त्या उपचारांविषयीं मनापासून चांगलें बोलत होते! त्यांना मूर्ख ठरविण्याची घाई करूं नये. आपल्यासारख्यांच्या सहवासांत चार महिने काढावयास मिळणें, कोणीं तरी आपलें ऐकणें, हें त्यांना खरोखरच मोलाचें वाटलें असेल. परंतु पाहणी करणाऱ्यानें "तुम्हांला तें आवडलें काय?" आणि "तुमचें दुखणें हटलें काय?" हे दोन प्रश्न दोन निराळ्या कागदांवर लिहिले पाहिजेत. पुढल्याच वर्षीं ७८५ माजी सैनिकांची तुलना झाली, तींत दीर्घकाळ ठेवून घेणाऱ्या खास विभागांपेक्षां थोडे दिवस ठेवणारे विभागच अधिक गुणकारी ठरले. आणि खर्चाच्या दृष्टीनें दीर्घ मुक्काम फारच महाग पडला.

याचा सर्वांत बोधक प्रसंग 'डीब्रीफिंग'चा. १९८३ सालीं जेफ्री मिचेल यांनीं आगीच्या बंबावरील व रुग्णवाहिकेवरील लोकांसाठीं अशी पद्धत सुचविली कीं, भयंकर प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत सर्वांना एकत्र बसवून घडलेल्या गोष्टीची क्रमवार उजळणी करवावी. मन मोकळें केल्यानें हलकें होतें, ही आपल्याकडील आजीबाईंचीहि समजूत. त्यामुळें ती पद्धत झपाट्यानें पसरली, व कित्येक ठिकाणीं सक्तीची झाली. ज्यांना विचारावें ते "फायदा झाला" म्हणत. हॉलंडमधील पोलिसांनींहि समाधान व्यक्त केलें. मात्र उजळणी न केलेल्या पोलिसांहून त्यांची स्थिति चांगली नव्हती. मग वेल्समध्यें जॉनथन बिसन यांनीं भाजलेल्या १३३ रोग्यांस चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वांटलें. एका गटाला उजळणी, दुसऱ्याला कांहीं नाहीं. कोण कोणत्या गटांतला हें ठाऊक नसलेल्या परीक्षकानें त्यांना तपासलें. तेरा महिन्यांनीं उजळणीच्या गटांत शेंकडा २६ विकारग्रस्त, न केलेल्यांत ९! चिठ्ठ्यांच्या लहरीनें उजळणीच्या गटांत अधिक भाजलेले रोगी पडले होते, हें बिसन यांनीं स्वतःच नमूद केलें. तेव्हां सगळा दोष उजळणीवर टाकतां येत नाहीं. परंतु ऑक्सफर्ड येथें मोटार-अपघातांत सांपडलेल्यांची तीन वर्षांनीं पाहणी झाली, तींतहि आरंभीं अतिशय त्रस्त असलेले लोक उजळणीनंतर तसेच त्रस्त राहिले, आणि उजळणीवांचून सोडलेले त्यांचे जोडीदार बरे झाले. सक्तीची उजळणी बंद करावी, असें मत सर्व प्रयोगांच्या संकलनानंतर २००२ सालीं प्रसिद्ध झालें.

या एकोणीस वर्षांत किती भल्या माणसांनीं किती भल्या हेतूनें किती लोकांना त्या खोलींत बसविलें असेल, याचा हिशेब कोठें नाहीं. त्या प्रत्येकाला दाराशीं विचारलें असतें तर "बरें वाटलें" हेंच उत्तर आलें असतें.

उजळणीच्या जागीं आतां 'मानसिक प्रथमोपचार' आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं त्याची पुस्तिका काढली: आपद्ग्रस्ताला निवारा द्यावा, पाणी द्यावें, त्याच्या माणसांचा शोध लावून द्यावा, त्याला बोलावेंसें वाटलें तर ऐकावें, पण मुद्दाम बोलतें करूं नये. सल्ला शहाणपणाचा दिसतो, आणि मागल्या चुकीवरून शिकलेला आहे. मात्र २०१४ सालीं बेल्जियममधील कांहीं संशोधकांनीं, या प्रथमोपचाराची तुलनेचा गट ठेवून कोणी परीक्षा घेतली आहे काय, असा शोध केला, तेव्हां त्यांना तशी एकहि परीक्षा सांपडली नाहीं.