एक आग, दहा कोटी मैल आणि छेदाचा प्रश्न

पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘सॅम्पल किती घेणार?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘तुमच्या दराचा छेद काय?’ असं मात्र सहसा कोणी विचारत नाही. या दुसऱ्या प्रश्नासाठी आज एका गाडीचा इतिहास घेऊ. गाडी आहे टेस्लाची मॉडेल एस, वर्षं साधारण २०१२ ते २०१७.

जून २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट कारखान्यातून या गाड्या ग्राहकांना मिळायला लागल्या. तोवर इलेक्ट्रिक गाडी म्हणजे छोटी, शहरापुरती, असाच समज होता. ही जवळपास ५ मीटर लांबीची महागडी सलून, आणि मोठ्या बॅटरीवर अमेरिकी सरकारी चाचणीनुसार २६५ मैल, म्हणजे सुमारे ४२६ किलोमीटर जाणारी. खरी कल्पकता मांडणीत होती. सुमारे ७,००० छोट्या सेलची चपटी बॅटरी अख्ख्या तळाखाली पसरलेली आणि मोटर मागच्या चाकांमध्ये. त्यामुळे बॉनेट रिकामं, तिथेही सामान ठेवता येतं. डिकीत मागे तोंड करून बसणाऱ्या दोन लहान मुलांच्या सीटसुद्धा बसवून मिळत. वजन खाली असल्यामुळे गाडी उलटण्याची शक्यता कमी. पुढे इंजिनाचा ठोकळा नाही, म्हणून धडकेत चेपायला भरपूर जागा. सोय आणि सुरक्षितता दोन्ही एकाच निर्णयातून आल्या. पण त्याच निर्णयामुळे गाडीतला सगळ्यात मोठा ऊर्जेचा साठा रस्त्याच्या सगळ्यात जवळ आला.

२०१३ मध्ये एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी रस्तासुरक्षा संस्थेने गाडीला प्रत्येक गटात ५ स्टार दिले. कंपनीने ऑगस्टमध्ये जाहीर केलं की आमचा एकत्रित गुण ५.४ स्टार होतो. संस्थेला खुलासा करावा लागला की आम्ही ५ च्या वर स्टार देत नाही आणि त्या गटात क्रमही लावत नाही. वर्गवारीच्या मोजपट्टीवर दशांश चढवायचा मोह आपल्याकडच्या प्रबंधांतही दिसतोच, लायकर्ट स्केलवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये!

मग १ ऑक्टोबर २०१३ आला. वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावाजवळ एका मॉडेल एसच्या तळाला रस्त्यावरचा धातूचा तुकडा लागला आणि बॅटरी पेटली. गाडीने आधी इशारा दिला, चालक सुखरूप बाहेर पडला, आग आतल्या बसायच्या भागात शिरली नाही. व्हिडिओ जगभर फिरला. इलॉन मस्क यांनी आकड्यांनी उत्तर दिलं: अमेरिकेत सरासरी २ कोटी मैलांमागे एका गाडीला आग लागते, टेस्लाच्या बाबतीत १० कोटी मैलांमागे एक, म्हणजे धोका पाचपट कमी.

इथे जरा थांबून वही काढा. अंश आहे १. घटना विरळ असल्या की आपण पॉयसन वितरण वापरतो. एक घटना दिसली तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.०२५ ते ५.५७ इतका रुंद येतो. १० कोटींना या दोन्हींनी भागा. खरा दर ४०० कोटी मैलांना एक असू शकतो, किंवा १ कोटी ८० लाख मैलांना एक. दुसरं टोक पेट्रोल गाड्यांच्या २ कोटींच्याही अलीकडे जातं. म्हणजे त्या दिवशी हातात असलेल्या पुराव्यावरून ‘पाचपट सुरक्षित’ म्हणता येत नव्हतं आणि ‘धोकादायक’ही म्हणता येत नव्हतं. शिवाय तुलना कोणाशी? अमेरिकेतल्या गाडीचं सरासरी वय तेव्हा ११ वर्षांच्या पुढे होतं. टेस्लाच्या गाड्या जेमतेम वर्षाच्या.

त्याच महिन्यात मेक्सिकोत आणि ६ नोव्हेंबरला टेनेसीत आणखी दोन गाड्या पेटल्या. टेनेसीत तळाला लागला तो रस्त्यात पडलेला ट्रेलर जोडायचा आकडा. आता मस्क यांच्या लेखात हिशोब आला तो गाड्यांच्या संख्येचा: १९,००० गाड्या, ३ आगी, म्हणून ६,३३३ गाड्यांमागे एक, तर पेट्रोलच्या १,३५० मागे एक. मैल गेले, गाड्या आल्या. भागाकार बरोबर आहे. पण यातल्या बहुतेक गाड्या त्याच वर्षी विकलेल्या. चार महिने रस्त्यावर असलेली गाडी आणि दहा वर्षं धावलेली गाडी छेदात सारखीच एक मोजली जाते. छेद का बदलला हे मला माहीत असण्याचं कारण नाही, पण शोधनिबंधात असं दिसलं तर पहिली खूण मी तिथेच करेन.

एनएचटीएसएने नोव्हेंबरमध्ये चौकशी सुरू केली. अमेरिकेतल्या घटना फक्त दोन. एवढ्यावर दर काढत बसण्यापेक्षा आग लागते कशी हे पाहणं जास्त उपयोगाचं होतं. दोन्ही वेळी महामार्गाचा वेग, रस्त्यावर पडलेला धातू आणि जमिनीलगत आलेला तळ. महामार्गावर एअर सस्पेन्शन गाडी खाली बसवत असे, कारण त्याने हवेचा अवरोध घटतो आणि रेंज वाढते. कंपनीने आधी सॉफ्टवेअर अपडेटने गाडी थोडी उंच केली, म्हणजे सोयीतला अंशतः वाटा परत दिला. मार्च २०१४ मध्ये तळाला टायटॅनियमची प्लेट आणि ॲल्युमिनियमचे भाग बसवायला सुरुवात केली. संस्थेने दोषाचा कल दिसत नाही असं नोंदवून आणि या बदलांनी धोका घटेल असं मानून चौकशी बंद केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत नीट झालेलं काम.

२०१७ मध्ये विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने हीच गाडी वेगळ्या प्रकारे आदळली. एनएचटीएसएच्या चाचणीत गाडीची पूर्ण रुंदी भिंतीवर ५६ किलोमीटर वेगाने जाते. इथे चालकाच्या बाजूची फक्त २५ टक्के रुंदी, ६४ किलोमीटर वेगाने. सीटबेल्टने पुतळ्याचं धड जास्तच पुढे जाऊ दिलं आणि डोकं एअरबॅगमधून स्टीअरिंगवर जोरात आपटलं. कंपनीने सुधारणा केली, पुन्हा चाचणी झाली, तीच अडचण पुन्हा दिसली. सगळीकडे ५ स्टार मिळवलेल्या गाडीला इथे ‘गुड’ऐवजी ‘ॲक्सेप्टेबल’ शेरा मिळाला.