बांधलेला हात कधी सोडायचा?

आमच्या जालना जिल्ह्यात हात मोडायला लढाई लागत नाही, धुरा पुरतो. वीतभर बांधावरून भावाभावांत भांडण पेटतं, काठी उगारली जाते, ती अडवायला माणूस डोक्यावर आडवा हात धरतो आणि करंगळीकडचं हाड, म्हणजे आम्हा डॉक्टरांचं अल्ना, मोडतं. हाडांचा डॉक्टर म्हणून इथे उमेदीची वर्षं घालवली, तेव्हा एक्स-रे दिव्यापुढे धरला की काठी दिसायची. पेशंट मात्र ‘बैलगाडीवरून पडलो’ म्हणून सांगायचा. मीही फार खोदत नसे.

तशी लढाईही इथे झाली आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली. इंग्रजांच्या बाजूचे 428 ठार आणि 1138 जखमी अशी नोंद आहे. मराठ्यांकडचे आकडे अंदाजाचेच आहेत. जखमींसाठी अजिंठ्याला इस्पितळ उघडलं. इतिहासाची पुस्तकं इथून पुढच्या मोहिमेकडे वळतात, मी मात्र त्या इस्पितळात अडकतो. गोळ्याने कोपराचा चुरा झाला असेल तर त्या काळच्या लष्करी सर्जनकडे खात्रीचा उपाय एकच होता, दंडातून हात कापणं. त्याला क्रूर म्हणू नये. हाड कातडीबाहेर आलं की जखम सडायची आणि माणूस जायचा. भूल देणारं ईथर यायला अजून 43 वर्षं होती.

असईनंतर 11 वर्षांनी, 1814 साली, इटलीतल्या मिलानचा सर्जन जोव्हान्नी बात्तिस्ता मॉन्तेज्जा याने एका मुलीची हकिकत लिहिली. तिचं अल्ना वरच्या भागात मोडलंय असं समजून त्याने हात बांधला. महिन्याभराने पट्टी सोडून हात सरळ केला, तर शेजारच्या रेडियस हाडाचं डोकं कोपरातून बाहेर आलेलं. दाबून पुन्हा बांधलं, तरी ते राहीना. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. या माणसाने नुसत्या बोटांनी चाचपून हे ओळखलं. आजही या दुखापतीला त्याचंच नाव आहे आणि आजही ती निसटते, कारण पाहणारा मोडलेल्या हाडाकडे बघतो आणि कोपराचा फोटो काढायचा राहून जातो. धुऱ्यावरच्या काठीने हे नेमकं असंच होतं. या दुखापतीची मनगटाच्या बाजूची बहीण गालेआझ्झी या सर्जनने 1934 साली नोंदवली, तोही मिलानचाच.

आपल्याकडे हे काम हाडवैद्याचं आणि तालमीतल्या वस्तादाचं. निखळलेला कोपर बसवण्यात काही वस्तादांचा हात फार साफ असे. पेशंटला बोलण्यात गुंतवायचं आणि बेसावध क्षणी ओढायचं. दंडाचे स्नायू आवळायच्या आत सांधा ‘खट्’ करून जागेवर. हे मी पाहिलं आहे आणि मनातून दादही दिली आहे. भीती वाटायची ती त्यानंतरच्या बांधण्याची. बांबूच्या कामट्या, वर हळद-अंड्याचा लेप, त्यावर करकचून फडकं. आतून सूज वाढते, वरून कामट्या हलत नाहीत आणि स्नायूंचं रक्त तुटतं. बोटं आधी बधिर होतात, मग आकड्यासारखी वळतात ती कायमची. जर्मन सर्जन फोल्कमान याने 1881 साली हे सविस्तर मांडलं. आमच्याकडे असे हात नंतरही कितीतरी वर्षं येत राहिले.

दोष परंपरेचा म्हणावा, तर परंपरेचा मूळ ग्रंथ वेगळंच सांगतो. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे 12 प्रकार आहेत आणि सांधा निखळण्याचे 6. फळीसाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू सांगितला आहे. बंध थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचा. सैल बांधलं तर हाड स्थिर राहत नाही आणि घट्ट बांधलं तर सूज येते, पिकतं, हेही तिथेच आहे. निखळलेला कोपर अंगठ्याने दाबत जागेवर आणावा, मग हात पसरवावा, दुमडावा आणि तेल सोडावं. तळहात मोडलेल्याने बरं होताना आधी मुठीत मातीचा गोळा धरायचा, मग मीठ, आणि बळ आल्यावर दगड. आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत रबराचा चेंडू असतो, एवढाच फरक. कामट्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्या सोडायचं वेळापत्रक तेवढं वाटेत हरवलं.

जालना पूर्वी निजामाच्या राज्यात होतं, आणि भुलीच्या इतिहासात या राज्याचं नाव आहे. डॉ. एडवर्ड लॉरी याच्या पुढाकाराने 1888 आणि 1889 साली हैदराबादेत क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. दुसऱ्यासाठी निजामाने हजार पौंड देऊन लंडनहून तज्ज्ञ बोलावला. क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहा, हा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. क्लोरोफॉर्मने हृदयही थेट बंद पडू शकतं. पण भूल आली आणि जुनाट, अडकून बसलेला कोपर बसवण्यासाठी चार माणसांनी पेशंटला धरून ठेवायची गरज संपली.

प्लास्टर ही डच लष्करी सर्जन मॅथायसेनची 1851 ची देणगी. त्याने लाखो हात वाचले, आणि आम्ही त्याचा अतिरेकही केला. मी शिकलो त्या काळी मोठ्या माणसाच्या हाताची दोन्ही हाडं मोडली की दंडापासून बोटांपर्यंत प्लास्टर आणि आठ-दहा आठवडे वाट, ही सर्रास पद्धत होती. हाड जुळायचं, कधी वाकडंही. प्लास्टर काढलं की कोपर लाकडासारखा. हाताची ही दोन हाडं मिळून जणू एकच सांधा असतो. रेडियसचा नैसर्गिक बाक गेला की तळहात पालथा-उताणा होत नाही. मग भाकरी थापता येत नाही, प्रसादासाठी हात पुढे होत नाही.

1958 साली स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एओ हा गट काढला. प्लेट आणि स्क्रूने हाड अचूक बसवा आणि सांधा लगेच हलू द्या, असा त्यांचा आग्रह. आमच्यापर्यंत हे सावकाश आलं. बांधकामाच्या सळ्यांसाठी देशभर ओळखलं जाणारं आमचं जालना. हाडाची प्लेट मात्र मुंबईहून मागवायची आणि ती येईपर्यंत पेशंटने घरचा रस्ता धरायचा. फारच अवघड केस घाटीला, म्हणजे औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात, पाठवायची.

रेडियसचं डोकं फुटलं तर काढून टाका, हेही तेव्हा सोपं वाटायचं. पीटर एसेक्स-लोप्रेस्टी या ब्रिटिश सर्जनने 1951 सालीच बजावलं होतं की दोन हाडांमधला पडदा फाटला असताना हे केलं, तर रेडियस वर सरकतं आणि मनगट कायमचं दुखतं. कोपर निखळणं, रेडियसचं डोकं फुटणं आणि कोरोनॉइडचा, म्हणजे अल्नाच्या कोपरातल्या पुढच्या टोकाचा, तुकडा उडणं हे तिन्ही एकदम झालं की इंग्रजीत त्याला ‘टेरिबल ट्रायड’ म्हणतात, आणि नाव यथार्थ आहे. हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, सापडलेले आणि मोटरसायकलवरून पडलेले असे हात आता नियमित येतात. डोकं जोडायचं किंवा धातूचं बसवायचं, कोरोनॉइड आणि बाहेरचा अस्थिबंध शिवायचा, आणि काही दिवसांत हात हलवायला लावायचा, असा आजचा क्रम. 1981 साली मेयो क्लिनिकच्या मॉरे यांनी मोजून दाखवलं की रोजच्या बहुतेक कामांना कोपर 30 ते 130 अंशांत वाकला तरी भागतं. त्याच वर्षी 1 मे रोजी जालना जिल्हा झाला; सरकारी मेडिकल कॉलेज यायला मात्र 2024 उजाडलं.

वाचकांना एवढंच सांगतो. कोपर निखळला, नळी मोडली, तर हात आहे तसा झोळीत अडकवा, अंगठी-बांगड्या लगेच काढा आणि त्याच दिवशी एक्स-रे करा. फोटोत कोपर आणि मनगट दोन्ही आले पाहिजेत. बांधल्यावर बोटं बधिर झाली किंवा सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच डॉक्टरला उठवा. आणि मोड नसलेला, नुसता निखळलेला कोपर बसवल्यावर तीन आठवड्यांहून जास्त बांधून ठेवायला कुणी सांगितलं, तर कारण विचारा.