गळतीचा माग

पेणहून नागोठण्याकडे जाणाऱ्या प्रवाशास गडब हें वाटेवरचें एक गांव म्हणूनच ठाऊक असतें. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास धरमतरच्या खाडीकडे पसरलेला खारेपाट आणि मधून मुंबई-गोवा रस्ता, एवढेंच त्याचें चित्र धांवत्या मोटारींतून दिसतें. गेल्या श्रावणांत या गांवीं मला दोन घटका थांबावें लागलें, व मोटारींत शिरणाऱ्या पाण्याविषयीं मीं आजवर जें समजत होतों, तें उलट बाजूनें समजत होतों असें तेथें ध्यानांत आलें.

आमच्या मोटारींत पुढच्या डाव्या आसनापाशीं पायाखालचा गालिचा पावसाळाभर ओला राही. त्या जागीं माझी वृद्ध आई बसते. तिचे पाय दोन वेळां भिजले. तिनें तें सांगितलें नाहीं, घरीं आल्यावर मोजे वाळत घातलेले पाहिले तेव्हां आम्हांस कळलें. शहरांतील एका गॅरेजांत पुढच्या काचेच्या कडेनें दोनदां लेप भरून घेतला. पैसे गेले, पाणी राहिलें. गडबच्या रस्त्याकांठीं ज्या मिस्त्रीकडे दुसऱ्याच कामासाठीं थांबलों, त्यानें गालिच्याखालीं हात घातला, बोटें नाकाशीं नेलीं, आणि विचारलें, "सर, गाडी घरी झाडाखाली उभी असते का?" मीं होय म्हटलें. तो म्हणाला, "पाणी जिथं दिसतं तिथून ते आलेलं नसतं. आमच्या बांधाचंही तसंच असतं."

या वाक्याचा अर्थ नीट कळण्यास वाहनाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. पावसापासून प्रवाशाचें रक्षण करणें ही चिंता मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. शेतकऱ्यानें डोक्यावर इरलें घेतलें, बैलगाडीवर ताडपत्री पसरली, शिग्रामास लांकडी छत आलें. मुंबईहून आगबोटीनें धरमतरच्या बंदरांत उतरून पेणकडे जाणारा गृहस्थ पावसाळ्यांत भिजत असे. परंतु त्याचें वाहन मात्र पाणी सांठवीत नसे. गाडीच्या फळ्यांमध्यें फटी होत्या. वरून आलेलें पाणी खालून निघून जाई. पहिल्या मोटारीहि याच जातीच्या होत्या. त्यांवर कापडी टप, बाजूंस पडदे आणि तळाशीं लांकडी फळ्या. माणूस ओला होई आणि वाळे, व मोटारहि तशीच ओली होई आणि वाळे.

पावसास बाहेर ठेवण्याची खरी साधनें एकोणिसाव्या शतकांत तयार झालीं. चार्ल्स मॅकिंटॉश यानें १८२३ सालीं दोन कापडांमध्यें रबराचा थर देऊन जलाभेद्य वस्त्राचा हक्क घेतला. पण तें रबर उन्हांत चिकट व थंडींत ताठर होई. चार्ल्स गुडइयर यानें गंधक व उष्णता यांच्या योगें रबरास स्थैर्य आणलें व १८४४ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. आज मोटारीच्या दारास जी रबरी कड असते, तिचा वंश येथून सुरू होतो. काच पुसण्याच्या दांडीचें पेटंट मेरी अँडरसन या अमेरिकन बाईनें १९०३ सालीं घेतलें. तरीहि १९१९ सालीं अमेरिकेंत दर दहा मोटारींपैकीं सुमारें नऊ उघड्याच होत्या. १९२२ सालीं एसेक्स नांवाची स्वस्त बंदिस्त गाडी आली, तिच्यामागून इतरांनीं किंमती उतरविल्या, आणि दहा वर्षांच्या आंत प्रमाण अगदीं उलटें झालें.

या बंदिस्त गाड्यांचें छत बराच काळ पुरतें पोलादी नव्हतें. छताएवढा रुंद अखंड पत्रा लाटणें पूर्वी साधत नसे. म्हणून मध्यभागीं लांकडी पट्ट्यांवर लेप दिलेलें कापड ताणून बसवीत, आणि पहिली गळती बहुधा तेथेंच होई. जनरल मोटर्सनें १९३५ सालच्या गाड्यांसाठीं अखंड पोलादी छत आणलें व ही फट बुजली. परंतु छताबरोबर तळहि पोलादी झाला होता. फळ्यांच्या फटी गेल्या. आतां आंत आलेलें पाणी बाहेर जाण्यास वाट उरली नाहीं. मोटार ही छत्री होती, ती घागर झाली. आणि घागरीचा गुण असा कीं, बाहेरचें पाणी ती जितक्या चांगल्या रीतीनें अडविते, तितक्याच चांगल्या रीतीनें आंतलें धरून ठेवते.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें जी फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, बाहेर पडली, ती मुंबईच्या टॅक्सीच्या रूपानें २०२३ सालच्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. तिची पुढची काच रबराच्या खांचेंत बसविलेली असे. कोंकणच्या उन्हानें रबर कडक होई व मृगाच्या पहिल्या सरींत काचेच्या कोपऱ्यांतून थेंब उतरे. त्या पिढीस गळती म्हणजे काचेचें रबर हें समीकरण पाठ होतें, व तें बहुधा खरें ठरे. पुढें काचा चिकटद्रव्यानें पत्र्यासच जोडूं लागले. समीकरण बदललें, पण संवय बदलली नाहीं. माझ्या गाडीच्या काचेस दोनदां लेप लागला, तो या संवयीमुळें.

आजच्या मोटारीचा रचनाकार सर्व पाणी अडविण्याचा प्रयत्नच करीत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. दाराच्या काचेलगत पाणी दाराच्या पोटांत उतरतें, हें त्यानें गृहीत धरलेलें असतें. दाराच्या तळाशीं त्यासाठीं छिद्रें असतात, आणि आंतल्या अस्तरामागें प्लॅस्टिकचा पडदा असतो. पुढच्या काचेवरून ओघळलेलें पाणी पुसणीच्या दांड्यांखालील पन्हाळींत पडतें व दोन्ही बाजूंच्या मार्गांनीं जमिनीवर जातें. छतास सरकती खिडकी असल्यास तिच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून नळ्या खालीं उतरतात. वातानुकूलन यंत्राच्या गार नळ्यांवर जमणारें पाणीहि स्वतंत्र नळीनें बाहेर टाकलेलें असतें. यांतील एक वाट पालापाचोळ्यानें तुंबली, तर पाणी उंच चढतें आणि आंत येतें. म्हणजे पुष्कळ वेळां गळतीचें कारण पडलेलें भोंक नसून बुजलेलें भोंक असतें.

मिस्त्रीनें बांधाचें नांव घेतलें तें याच ठिकाणीं लागू पडतें. खारेपाटांतील भातशेती खाडीच्या भरतीपासून मातीच्या बांधांनीं राखलेली आहे. नुसता बांध घालून भागत नाहीं. पावसाचें गोडें पाणी बाहेर गेलें पाहिजे. त्यासाठीं बांधांत उघाडी ठेवतात. ओहोटीस तिचें झांकण आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडतें, भरतीस बाहेरच्या दाबानें मिटतें. मोटारीच्या पन्हाळीच्या तोंडाशीं रबराची जी लवचिक जीभ पुष्कळदां असते, ती याच युक्तीची धाकटी बहीण होय. बांधाची जोखीम खेंकड्याच्या बिळापासून सुरू होते. भरतीचें पाणी त्यांतून झिरपतें, बांधाच्या पोटांतून तिरकें जातें व भलतीकडेच शेतांत उमटतें. जेथें उमटलें तेथें माती टाकणारा फसतो. वेळीं तोंड सांपडलें नाहीं तर खांड पडते, खारें पाणी शेतांत पसरतें, आणि पुन्हां धड पीक यावयास कांहीं पावसाळे जावे लागतात.

ही राखण पूर्वी कोणाची होती, तें पाहण्याजोगें आहे. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडच्या, इतिहासांत पेण भागांतील शिलोत्री जमिनींचा उल्लेख येतो. बांध घालून जमीन उठविणाऱ्यास तिजवर हक्क मिळे, आणि कसणारा सरकारी साऱ्याशिवाय बांधाच्या दुरुस्तीसाठीं वेगळें भात देई. १९४८ च्या मुंबईच्या कायद्यानें खारजमिनींसाठीं मंडळ आलें व १९७९ सालीं महाराष्ट्राचा नवा कायदा झाला. मोठ्या बांधांस मोठा पैसा लागतो, म्हणून हें योग्यच होतें. परंतु भरतीच्या वेळीं बांधावरून चालत जाऊन ओलीचा रंग पाहणारा डोळा कायद्यानें निर्माण होत नाहीं. मिस्त्रीच्या वडिलांस तो होता. त्यांच्या पाठीमागून लहानपणीं चालतां चालतां मुलानें तो उचलला, आणि आतां तो मोटारींच्या कामीं येत होता.

त्याची रीत मीं बारकाईनें पाहिली. गृहस्थी वाचकांस ती उपयोगी पडेल. प्रथम पाण्याची ओळख. बोटास चिकट लागून गोडसर वास आला, तर तें इंजिन थंड ठेवणारें पाणी समजावें. कोरड्या दिवसांत वातानुकूलन चालविल्यावरच ओल आली, तर त्याची नळी पाहावी. केवळ पावसानंतर आली, तर बाहेरचा मार्ग शोधावा. मग गालिचा उचलून सर्व कोरडें करावें, कारण ओल्यावर नवी ओल दिसत नाहीं. संशयाच्या जागीं वर्तमानपत्राचे कागद अंथरावे. नंतर एकानें विजेरी घेऊन आंत बसावें व दुसऱ्यानें नळीनें बारीक धार सोडावी; तीहि खालून आरंभ करून हळूहळू वर न्यावी. वरून ओतलें कीं सगळेंच भिजतें आणि कांहींच कळत नाहीं. दाराच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीनें होते: ती दारांत धरून दार लावावें व ओढावी, सहज निसटली तर तेथें पकड नाहीं.

आमच्या गाडींत धार दारावर असतां आंत कागद कोरडे राहिले, काचेच्या कडेवर असतां कोरडे राहिले, आणि पन्हाळींत पाणी भरतांच डाव्या बाजूच्या पत्र्यावरून एक ओघळ उतरला. झांकण काढलें तेव्हां बकुळीचीं पानें व फुलें कुजून वाटेच्या तोंडाशीं बसलेलीं दिसलीं. त्यानें तीं हातानें काढलीं, मऊ दोरी फिरवून मार्ग मोकळा केला; दाबाची हवा मारूं दिली नाहीं, कारण तिनें नळी आंतून सुटते. पाव तासाचें काम. वाळण्यास मात्र चार दिवस लागले. गालिच्याखालचा जाड थर स्पंजासारखा भरलेला होता, आणि त्याच्याखालीं पत्र्यावर गंज धरला होता. त्याच बाजूनें विजेच्या तारांचा जुडगा जातो. आणखी एक पावसाळा गेला असता तर तारांचे सांधेहि गंजले असते.

येथें एक मर्यादा सांगितली पाहिजे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईंत मोटारी बुडाल्या व आंत अडकून माणसेंहि मेलीं. तें पाणी गळतीचें नव्हतें. रस्ताच जेव्हां खाडी होतो, तेव्हां रबर आणि पन्हाळी यांचा उपाय नाहीं. तेव्हां गाडी सोडून उंच जागीं जाणें हाच शहाणपणा.

पण नित्याच्या पावसाचें तसें नाहीं. शंभर वर्षें आपण वाहन अधिकाधिक बंद करीत आलों, आणि पाण्यास बाहेर ठेवलें म्हणजे काम झालें असें समजत आलों. गडबच्या शेतकऱ्यास हें कधींच पटलें नसतें. बांधाइतकीच काळजी तो उघाडीची घेत आला. आम्हीं आतां ज्येष्ठ लागण्यापूर्वीं गाडीची पन्हाळ स्वच्छ करतों. बकूळ तोडली नाहीं; गाडी मात्र तिच्या छायेंतून दहा पावलें दूर उभी असते. आईच्या पायाखालचा गालिचा त्यानंतर भिजला नाहीं.