बुलेटचा अडलेला गिअर आणि त्यामागचा इतिहास

मागच्या वेळी आपण इंजिनाबद्दल बोललो होतो. तेव्हा प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, "जुन्या बुलेटचे गिअर नीट का पडत नाहीत?" त्या दिवशी वेळ संपली होती. आज फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पण वाट जरा इतिहासातून जाते, तेवढं सहन करा.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना गिअर हाताने टाकायचे. टाकीच्या बाजूला दांडा असे. एक हात हँडलवरून काढायचा, दांडा बरोबर खाचेत न्यायचा, आणि तोवर रस्त्याकडेही बघायचं. पायाने गिअर टाकायचे प्रयत्न झाले होते, पण पाय नेमका किती दाबायचा हे कळत नसे. १९२८ च्या सुमारास इंग्लंडच्या व्हेलोसेट कंपनीत हॅरॉल्ड विलिस या इंजिनिअरने यावर तोडगा काढला. पेडल एकदा दाबलं की एकच गिअर बदलणार, आणि पाय काढला की पेडल आपोआप मधल्या जागी परत येणार. आज हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की कुणीतरी ते शोधून काढलं असेल, असं वाटतसुद्धा नाही.

त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा: एका वेळी एकच टप्पा, आणि पेडलचं परत येणं. दुरुस्तीच्या वेळी याच दोन गोष्टी कामाला येणार आहेत.

आता बुलेट. रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडमधल्या रेडिचची कंपनी. १९५० च्या दशकात आपल्या सैन्यासाठी या गाड्या आल्या, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला तीच गाडी बनत राहिली. तिचा चार गिअरचा अल्बियन गिअरबॉक्सही तसाच राहिला. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. शेजारी एक जादा छोटं पेडल, न्यूट्रल फाइंडर. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून ते दाबलं की गाडी थेट न्यूट्रलला.

या गिअरबॉक्सची एक गंमत आहे. पायाने गिअर बदलणारी यंत्रणा, म्हणजे रॅचेट, उजव्या बाजूच्या बाहेरच्या झाकणाखाली बसते. गिअरची चाकं त्याच्या आत, वेगळ्या कप्प्यात. म्हणजे 'गिअर पडत नाही' या तक्रारीची बरीच कारणं मूळ गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतात.

हे मी पैसे घालवून शिकलो. वडिलांची बुलेट माझ्याकडे आली तेव्हा सिग्नलला न्यूट्रल लागायचं नाही, आणि पहिला टाकला की 'खट्ट' आवाज करून गाडी पुढे उडी मारायची. एका गॅरेजमध्ये पूर्ण गिअरबॉक्स उघडला गेला, चाकं बदलली गेली, बिल दिलं. पण गाडी जशी होती तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी क्लचची लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, क्लच सुटतच नाहीये. गिअर बिचारा काय करणार?" केबल ताणली गेली होती. दहा मिनिटांचं काम.

त्यांनी शिकवलेला क्रम सांगतो. तो बाहेरून आत जातो.

आधी इंजिन बंद ठेवा. गाडी थोडी पुढेमागे हलवत एकेक गिअर टाका. चारही पडले, पण इंजिन चालू असताना अडतात, तर संशय क्लचवर. लिव्हरला सुमारे २ ते ३ मिलिमीटर ढिलाई हवी. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. अजिबात नसेल तर तो घसरतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटतात. तेव्हा सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किका मारायच्या. जुन्या लोकांची ही सवय उगाच नव्हती.

क्लच ठीक असूनही दोन गिअरच्या मध्येच गाडी मोकळी सुटत असेल, तर रॅचेट बघा. बाहेरचं झाकण काढलं की तिथली पट्टी पुढेमागे सरकवता येते. थोडं सरकवा, चारही गिअर तपासा, मग घट्ट करा. पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही, तर परतीची स्प्रिंग गेली. विलिसच्या दोन गोष्टी आठवल्या ना?

आणि गिअर पडतो, पण ॲक्सिलरेटर दिला की बाहेर उडतो, तर आतले दात किंवा फोर्क झिजले असण्याची शक्यता मोठी. आतला गिअरबॉक्स उघडायची वेळ आता आली, त्याआधी नाही.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेने गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या पायाला, असा नियम केला. हळूहळू जगभर तेच रूढ झालं आणि पुढे बुलेटही बदलली. आता घरात नवी गाडी चालवणारा मुलगा आजोबांच्या बुलेटवर बसतो, समोर कुणी आडवं आलं की उजवा पाय दाबतो, आणि ब्रेकऐवजी गिअर बदलतो. म्हणून गिअर दुरुस्त झाला तरी काम संपत नाही. गाडी कुणाच्या हातात देताना आधी मोकळ्या मैदानात दोन फेऱ्या मारायला लावा.

असे मिस्त्री आता कमी राहिलेत. तुमच्या गावात कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. हाही इतिहासच आहे.